उन्हाचं मीटर रीडिंग

डेन्व्हरहून पश्चिमेला रॉकी पर्वताच्या दिशेनं निघालं, की गोल्डन गाव यायच्या जरा आधी उजव्या हाताला सपाट माथ्याचा एक डोंगर लागतो. साउथ टेबल माउंटन त्याचं नाव. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो, आणि ते उगाच नाही. त्याच्या माथ्यावरही लाव्ह्याचाच थर आहे, आपल्या दख्खनच्या पठारापेक्षा थोडासाच अलीकडचा. या डोंगराच्या अंगाखांद्यावर अमेरिकन सरकारची नवीकरणीय ऊर्जेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. सोलरच्या नाहीतर पवनचक्क्यांच्या धंद्यात कुठेही जा, तिला ‘एनरेल’ या आद्याक्षरी नावानंच ओळखतात. माझी लेक तिथून जवळच राहते. त्यामुळे अमेरिकावारीत नातवंडं शाळेत गेली की माझा मोर्चा त्या डोंगराकडे. माथ्यावरच्या पायवाटा सगळ्यांना खुल्या आहेत. एकीकडे डेन्व्हरच्या उंच इमारती, दुसरीकडे गोल्डनमधला अवाढव्य बिअरचा कारखाना, आणि मधे कुंपणापलीकडे उपकरणांनी खच्चून भरलेला एक ओटा.

इतर लोक तिथे कुत्री फिरवायला येतात, पळायला येतात. मी कुंपणाशी रेंगाळतो. सवयीचा परिणाम, दुसरं काय. माझी उभी नोकरी वीज खात्याच्या मीटर टेस्टिंगमध्ये गेली. ग्राहकाच्या दारात ॲक्युचेक, म्हणजे मीटर तपासायचं यंत्र, लावायचा, मीटर रखडतोय की पळतोय ते बघायचं, सील मारायचं, रिपोर्ट लिहायचा. लाइनमनला लोक चहा विचारतात. टेस्टिंगवाल्याकडे मात्र दोन्ही बाजू संशयानं बघतात. ग्राहकाला वाटतं हा खात्याचा माणूस, खात्याला वाटतं हा ग्राहकाला सोडून आला. मोजणाऱ्या माणसाचं कौतुक कुणाला नसतं. त्याच्यावाचून मात्र एकाही बिलाला अर्थ नसतो.

प्रयोगशाळा म्हटली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला : त्यांनी शोध काय लावला? शोध लावलेत, सांगतो पुढे. पण मला विचाराल तर त्या डोंगरावरचं सगळ्यात मोलाचं काम त्या ओट्यावर चालतं, आणि ते काम म्हणजे निव्वळ ऊन मोजणं. १९८१ पासून, न थांबता.

ऊन मोजतात कसं, हे जवळून बघण्यासारखं आहे. पायरानोमीटर नावाचं उपकरण असतं. दुहेरी काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती. ऊन पडलं की चकती तापते, तिच्या पोटातल्या, उष्णतेवर वीज देणाऱ्या थर्मोकपलांच्या साखळीत काही मिलिव्होल्ट तयार होतात, ते मोजायचे. साऱ्या आकाशातून आडव्या जमिनीवर येणारं एकूण ऊन त्यावरून कळतं. दुसरं उपकरण म्हणजे एक नळी, सूर्यावर रोखलेली. ट्रॅकर तिला दिवसभर सूर्यामागे फिरवत राहतो. तिला सूर्याभोवतीचं जेमतेम पाच अंशांचं आकाश दिसतं, म्हणजे ती फक्त थेट ऊन मोजते. तिसरं उपकरण पहिल्यासारखंच, पण ट्रॅकरच्या दांडीवर एक छोटा काळा गोळा बसवलेला असतो आणि त्या गोळ्याची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरोब्बर घुमटावर पडत राहते. थेट ऊन झाकलं गेलं; उरलं ते ढगांवरून, धुळीवरून, हवेतून विखुरलेलं.

आता यातली गंमत बघा. थेट उन्हाला सूर्य डोक्यावरून जेवढा कललाय त्या कोनाच्या कोसाइननं गुणायचं, त्यात विखुरलेलं मिळवायचं, तर बेरीज पहिल्या उपकरणाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. सबस्टेशनमध्ये वीज आत आणणाऱ्या इनकमरचं रीडिंग आणि ती बाहेर नेणाऱ्या सगळ्या फीडरांची बेरीज टॅली होते का बघतात, तसलाच प्रकार. जुळली नाही तर तिघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. कधी घुमटावर पक्ष्यानं प्रसाद टाकलेला असतो, कधी ट्रॅकर केसभर चुकलेला असतो, कधी पहाटेचं दव गोठून बसलेलं असतं. म्हणून घुमटाखाली पंखे लावतात आणि कामाच्या दिवशी एक माणूस फडकं घेऊन काचा पुसत फिरतो. कोट्यवधी डॉलरच्या प्रयोगशाळेत एक नोकरी काचा पुसण्याचीही आहे, हे मला फार आवडलं. हे आकडे प्रत्येक मिनिटाला नोंदले जातात आणि इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. पुण्यात रात्री जेवणं उरकून कॉम्प्युटर उघडला की तिकडे सूर्य नुकताच वर आलेला असतो. बायको म्हणते, ‘लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात, तुम्ही उन्हाचा बघा.’

पण उपकरण बरोबर आहे हे ठरवायचं कुणी? आमच्या ॲक्युचेकला स्टँडर्ड मीटर तपासायचा, स्टँडर्ड मीटरला त्याहून वरची प्रयोगशाळा, आणि ती साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जायची. उन्हाची साखळी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जाते. तेच दावोस, जिथे दर जानेवारीत जगभरचे पुढारी आणि शेटजी जमतात. तिथे उन्हाच्या मोजमापाचं जागतिक प्रमाण सांभाळलेलं आहे आणि १९५९ पासून साधारण दर पाच वर्षांनी देशोदेशींचे लोक आपापली उपकरणं घेऊन तिथे येतात, एकाच उन्हात शेजारी शेजारी लावतात आणि ताडून बघतात. मधल्या वर्षांत तसाच मेळावा शरद ऋतूत गोल्डनच्या डोंगरावर भरतो.

या प्रमाण-उपकरणांचं तत्त्व वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. एक काळं पोकळ शंकूसारखं भांडं. त्यात ऊन सोडायचं, ते किती तापतं बघायचं. मग झडप लावून ऊन बंद करायचं आणि त्याच भांड्याला विजेच्या तारेनं नेमकं तेवढंच तापवायचं. त्याला किती व्होल्ट, किती अँपिअर लागले ते मोजायचं, की ऊन किती होतं ते कळलं. म्हणजे जगातल्या उन्हाचं शेवटचं माप व्होल्ट गुणिले अँपिअर! सूर्यसुद्धा अखेर टेस्टिंगच्याच टेबलावर आला म्हणायचा.

हे सगळं वाचताना मला शिवाजीनगरची वेधशाळा आठवत होती, आणि आठवायलाच हवी. जागतिक हवामान संघटनेनं आशियासाठी नेमलेल्या प्रारण केंद्रांपैकी, म्हणजे उन्हाच्या मोजमापाच्या केंद्रांपैकी, एक पुण्यात, हवामान खात्याच्या या आवारात आहे. ॲना मणी १९४८ मध्ये तिथे रुजू झाल्या. केरळात जन्मलेल्या, रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केलेल्या या बाईंच्या वाट्याला पुण्यात उपकरणांचं काम आलं. साधी उपकरणंही बाहेरून मागवायची, असे ते दिवस. त्यांनी शंभरएक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून ती इथेच बनवायला घेतली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. निवृत्तीनंतर या आकड्यांचे जाडजूड ग्रंथ काढले, आणि मग वाऱ्याच्या मोजमापाच्या मागे लागल्या. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशा विचाराच्या त्या होत्या. गोल्डनच्या ओट्यावर पहिलं रीडिंग घेतलं गेलं त्याच्या तेवीस-चोवीस वर्षं आधी आपल्याकडे ऊन नोंदलं जात होतं. पुण्यातल्या सोलरवाल्यांना विचारून बघा, दहातल्या नऊ जणांना हे ठाऊक नसतं.

आता ते शोध. १९८४ च्या सुमाराला तिथल्या जेरी ओल्सन यांनी गॅलियम इंडियम फॉस्फाइड आणि गॅलियम आर्सेनाइड असे दोन थर एकावर एक रचून सौर सेल करायचं मनावर घेतलं. सूर्यप्रकाशातला निळसर, जास्त ऊर्जेचा भाग वरच्या थरानं खायचा, तांबूस भाग खालच्यानं. बाकी बहुतेक जण वरच्या थरासाठी ॲल्युमिनियम असलेल्या पदार्थाच्या मागे होते. तो पदार्थ प्राणवायूचा लवलेशही सहन करत नाही. ओल्सन आणि सारा कुर्ट्झ यांनी आपल्या वाटेनं जाऊन तो सेल सिद्ध केला. पुढे उपग्रहांवर या जातीचे सेल सर्रास आले. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्या याच वंशाच्या सेलांवर चालल्या. ऑपॉर्च्युनिटी तर २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत तग धरून होती. पॅनेलवर धूळ बसली की काय होतं, हे मंगळालाही चुकत नाही.

१९७६ पासूनच्या विक्रमी सेलांचा एक रंगीबेरंगी तक्ता ही प्रयोगशाळा ठेवते. कुठल्या जातीच्या सेलनं कोणत्या वर्षी किती टक्के कार्यक्षमता गाठली याच्या चढत्या रेघा. सोलरवरच्या प्रत्येक व्याख्यानात तो तक्ता झळकतोच झळकतो. २०२० मध्ये त्यांच्याच सहा थरांच्या सेलनं १४३ पट एकवटलेल्या उन्हात ४७.१ टक्के गाठले, २०२२ मध्ये तीन थरांच्या सेलनं साध्या उन्हात ३९.५ टक्के. माझं स्पष्ट मत आहे की या तक्त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. नखाएवढ्या सेलचा विक्रम आणि गच्चीवर पंचवीस वर्षं राबणारं पॅनेल यांत फार अंतर आहे. तक्त्याची खरी किंमत त्यातल्या एका अटीत आहे : कंपनीनं सांगितलेला आकडा चालत नाही, मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेनं मोजलेलाच तिथे चढतो.

सारा कुर्ट्झ यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे तो वेगळ्याच कारणानं. मंगळापर्यंत पोचलेलं काम केल्यावर या बाई पॅनेल बिघडतात कशी, या रुक्ष विषयाकडे वळल्या. २०१२-१३ च्या सुमारास तिथलेच सहकारी डर्क जॉर्डन यांच्याबरोबर त्यांनी जगभरातून पॅनेलच्या झिजेच्या जवळपास दोन हजार नोंदी गोळा केल्या आणि मधला आकडा काढला : वर्षाला सुमारे अर्धा टक्का. हा अर्धा टक्का आज बँकेच्या कर्जापासून कंपनीच्या हमीपर्यंत सगळीकडे ठाण मांडून बसलाय. अर्ध्या टक्क्यानं पंचवीस वर्षांत पॅनेल ८८ टक्क्यांवर येतं. पण तो मधला आकडा आहे, आणि मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात. पवईच्या आयआयटीतल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक केंद्रानं २०१३ पासून काही वेळा देशभर फिरून पॅनेलं तपासली, तेव्हा उष्ण भागांत आणि त्यातही छोट्या, छतांवरच्या प्रकल्पांत झीज जास्त दिसली. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याला चिकटून बसवलेल्या पॅनेलला साऱ्या जगाचा हा मधला आकडा कसा लागू पडेल?

नवं पॅनेल बाजारात यायच्या आधी त्याचा जो छळ करतात, त्याचा पाया १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत घातला गेला. पुढे त्या चाचण्यांना धार लावण्यात गोल्डनच्या मंडळींचा मोठा हात. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के दमटपणा असलेल्या कपाटात हजार तास. उणे ४० ते ८५ अंश अशा दोनशे फेऱ्या. आणि २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगानं काचेवर मारायचा, एकदा नाही, वेगवेगळ्या जागी. गारांच्या या चाचणीला नंतर निसर्गानंच दाद दिली. ८ मे २०१७ ला डेन्व्हरच्या पश्चिमेला तुफान गारपीट झाली, गाड्यांच्या काचांचा चुरा झाला. प्रयोगशाळेच्या मुख्य इमारतीवरच्या तीन हजारांहून जास्त पॅनेलांपैकी फुटलं एक.

पण कपाटातला छळ आयुष्य सांगत नाही. पॅनेल पहिल्या काही वर्षांत दगा देणार नाही, एवढंच त्यातून कळतं. वीस वर्षं टिकेल का, हे कळायला वीस वर्षंच लागतात. म्हणून पायथ्याला उघड्यावर पॅनेलांच्या रांगा मांडून ठेवल्यात, काही तर कित्येक दशकांपूर्वीच्या. कुणी त्यांना हात लावत नाही, फक्त मोजतात.

वाऱ्याची कथा मात्र यापेक्षा रंगतदार आहे. प्रयोगशाळेचं दुसरं आवार उत्तरेला, बोल्डरच्या अलीकडे आहे. शेजारी रॉकी फ्लॅट्स हा एकेकाळचा अणुबाँबचे भाग बनवणारा कारखाना. पर्वताच्या खिंडीतून तिथे इतका सोसाट्याचा वारा उतरतो की १९७० च्या दशकात छोट्या पवनचक्क्या तपासायला तीच जागा निवडली. तिथे पवनचक्कीचं पातं बुडाशी बोल्टांनी आवळून त्याच्या स्वाभाविक लयीत लाखो वेळा वरखाली हलवतात, वीस वर्षांचा शीण काही महिन्यांत काढतात. डायनॅमोमीटर नावाच्या चाचणी-यंत्रावर गिअरबॉक्स पिळून बघतात. हे सगळं ठीकच. मला सांगायचंय ते २००० सालचं.

झालं असं, की पवनचक्क्यांचं गणित करणाऱ्या तज्ज्ञांचा आपापल्या सॉफ्टवेअरवर भारी विश्वास होता. उघड्या माळावर मोजलेले आकडे आणि गणिताचे आकडे जुळले नाहीत की दोष वाऱ्यावर ढकलता यायचा : वारा एकसारखा नव्हता, क्षणोक्षणी दिशा बदलत होता. प्रयोगशाळेनं ही पळवाटच बंद केली. दहा मीटर व्यासाची, दोन पात्यांची एक पवनचक्की, पात्यांवर हवेचा दाब मोजणारी छिद्रंच छिद्रं, आणि ती अख्खी नेऊन ठेवली कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातल्या वाऱ्याच्या बोगद्यात. तो बोगदा जगातला सगळ्यात मोठा, चोवीस मीटर उंच आणि छत्तीस मीटर रुंद. वारा हवा तेवढा, हवा तसा, एकसारखा. मोजमापं झाली आणि कुलपात गेली. मग अमेरिका आणि युरोपातल्या नामवंत गटांना पत्रं गेली. पात्याचा आकार हा, वारा हा, तुमच्या सॉफ्टवेअरनं काय येतं ते कळवा. उत्तरं आल्यावरच कुलूप काढलं.

साधा, सरळ, मंद वारा असताना, म्हणजे गणिताला सगळ्यात सोप्या स्थितीतसुद्धा, पवनचक्कीच्या शक्तीचे अंदाज खऱ्या आकड्याच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. वारा वाढून हवेचा प्रवाह पात्यापासून सुटायला लागला तेव्हा ३० पासून २७५ टक्क्यांपर्यंत. एकच पवनचक्की, एकच वारा, आणि कुणी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी सांगतोय तर कुणी पावणेतीन पट! आमच्या खात्यात असा रिपोर्ट आला असता तर ‘सादर, कृपया अवलोकनार्थ’ असा शेरा मारून फायलीत पुरला असता. यांनी तो छापला. पानापानावर आलेख देऊन, फुकट, साऱ्या जगाला. त्या बोगद्यातले आकडे आजही जगभरचे विद्यार्थी आपलं गणित तपासायला घेतात. पुढे याच आवारातल्या मंडळींनी पवनचक्कीचं गणित करणारं फास्ट नावाचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. २००९ मध्ये पाच मेगावॉटची एक कागदी पवनचक्की प्रसिद्ध केली. १२६ मीटरचा व्यास, ९० मीटर उंचीवर मध्य, बारीकसारीक सगळी मापं. कुठल्याच कंपनीनं ती बांधलेली नाही, आणि तरी पवनऊर्जेवरच्या प्रबंधांत तिच्याइतकी पवनचक्की दुसरी नाही. कंपन्या आपली मापं दाखवत नाहीत, मग अभ्यास करायचा कशावर? ही त्यावरची तोड.

इमारतींचं थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये उघडलेली मुख्य इमारत वर्षाला वापरते तेवढी ऊर्जा स्वतःच तयार करायची, या हिशेबानं बांधली. खांबांना जुन्या गॅस-लाइनचे पाइप, लॉबीच्या भिंतीला किडीनं वाळवलेल्या पाइनची फळी. बाहेरची हवा चांगली असली की कॉम्प्युटरवर निरोप येतो : खिडक्या उघडा. आमच्या ऑफिसात निरोप येत नसे, पण लाइट गेले की खिडक्या आपोआप उघडल्या जायच्या. २०१३ मध्ये आणखी एक मोठी प्रयोगशाळा झाली, तिथे मेगावॉटच्या घरातली खरी यंत्रं कॉम्प्युटरवरच्या खोट्या ग्रिडला जोडून बघतात. गावभर अंधार न पाडता ग्रिड पाडायची सोय! कुठल्याही सबस्टेशन ऑपरेटरला हेवा वाटावा अशी गोष्ट. तिथल्या महासंगणकाच्या गरम पाण्यावर हिवाळ्यात ऑफिसं उबदार ठेवतात.

एवढं चांगलं चाललेलं असताना राजकारण कसं मागे राहील? १९७७ मध्ये ‘सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूट’ या नावानं काम सुरू झालं. ३ मे १९७८ ला सूर्यदिन म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर याच डोंगरावर भाषण करायला आले, आणि नेमका पाऊस लागला. सौरऊर्जेची थोरवी भिजत भिजत सांगितली बिचाऱ्यांनी. सरकार बदललं, १९८१ मध्ये रेगन यांच्या लोकांनी संचालक डेनिस हेज यांना घरी पाठवलं आणि अंदाजपत्रकाला मोठी कात्री लावली. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा दिला. २००६ मध्ये तर कमालच झाली. पैसे नाहीत म्हणून ३२ जणांना काढलं, आणि धाकटे बुश भेटीला यायच्या तोंडावर पन्नास लाख डॉलर सापडले, माणसं परत घेतली. मंत्री येणार म्हणून रस्त्याला रातोरात डांबर पडतं, ते केवळ आपल्याकडेच असं उगाच वाटत होतं. मे २०२५ मध्ये ११४ जणांची कपात झाली आणि त्याच डिसेंबरात प्रयोगशाळेचं नाव बदलून ‘नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज’ केलं. नवीकरणीय हा शब्दच पाटीवरून गेला. मी आपला जुन्या नावानंच बोलतो. वयाचा तेवढा फायदा घेतो.

यातलं १९८१ साल मला विसरता येत नाही. संचालकाला काढलं, माणसं गेली, आणि त्याच साली डोंगरावर ऊन मोजायला सुरुवात झाली. ती नोंद सहा-सात राष्ट्राध्यक्ष बघूनही चालूच राहिली. मोजमापाच्या मालिकेत खंड पडला तर तो कुठल्याही अंदाजपत्रकानं भरून येत नाही. १९९३ चं ऊन २०२६ मध्ये मोजता येत नाही.

आपला या डोंगराशी संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. २०१० मध्ये आपल्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर त्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून भारताचे उन्हाचे नकाशे काढले. पाठोपाठ चेन्नईच्या पवनऊर्जा संस्थेनं जमिनीवर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं, पहिल्या टप्प्यात ५१ केंद्रं. २०१७ मध्ये आपल्या राष्ट्रीय ग्रिडचं संचालन करणाऱ्या पोसोकोबरोबर (आता तिचं नाव ग्रिड-इंडिया) एक मोठा अभ्यास झाला : १०० गिगावॉट सौर आणि ६० गिगावॉट पवन आलं तर ग्रिड तोल सांभाळेल का? वर्षभरातला प्रत्येक पंधरा मिनिटांचा तुकडा घेऊन हिशेब केला. महाराष्ट्र आणि गुजरातचा तपशील त्यात वेगळा आहे. उत्तर आलं, सांभाळेल, पण कोळशाच्या संचांना दुपारी खाली उतरायला शिकावं लागेल. संच आपल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली येणारच नाहीत असं धरलं तर साडेतीन टक्के सौर-पवन वीज फेकून द्यावी लागते; ५५ टक्क्यांपर्यंत आले तर दीड टक्क्याच्या आत. कोयनेच्या भरवशावर संध्याकाळच्या मागणीचा पीक काढलेल्या आमच्या पिढीला संच वरखाली करणं म्हणजे काय ते माहीत आहे. कोराडी-चंद्रपूरच्या बॉयलरला ते तितकं सोपं नसतं.

आणि रोजच्या वापरातली गोष्ट म्हणजे पीव्हीवॉट्स. जागा निवडा, किती किलोवॉट ते सांगा, पॅनेलचा कल आणि दिशा भरा. महिन्यागणिक किती युनिट होतील ते समोर येतं, फुकटात. धूळ, तारा, सावली वगैरेंपोटी १४ टक्के घट तो आपणहून धरतो. आपल्याकडचे कितीतरी सोलरवाले कोटेशनमधले युनिट इथूनच उचलतात, फक्त वर स्वतःचा लोगो टाकतात. कोटेशन हातात आलं की मीही आधी तेच करून बघतो. जुलै-ऑगस्टचा खड्डा त्यात दिसतोय का, हे पहिलं बघायचं. बारा महिने सारखेच युनिट दाखवणारा माणूस पावसाळ्यात पुण्यात राहत नसणार.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलर आहे. यंदा वार्षिक सभेत खजिनदारांनी वर्षाचे युनिट वाचून दाखवले, गेल्या साली होते त्यापेक्षा कमी. लगेच तीन पक्ष पडले. एक म्हणाला पॅनेल म्हातारी झाली, दुसरा म्हणाला पाऊस लांबला, तिसऱ्याचं म्हणणं की धुतली कुणी नाहीत. तिन्ही शक्य आहे, आणि तिघांपैकी कोण बरोबर हे आमच्याकडच्या मीटरवरून कळायला मार्ग नाही, कारण तो पॅनेलनं दिलेली वीज मोजतो. वर पडलेलं ऊन मोजतच नाही कुणी. मी म्हटलं, रेफरन्स सेल म्हणून वहीएवढा सेन्सर मिळतो, पॅनेलच्या शेजारी त्याच कलात बसवायचा, इन्व्हर्टरला जोडायचा. पुढच्या वर्षी भांडायला निदान आकडा तरी असेल. खजिनदार म्हणाले, ‘जोशीकाका, ऊन काय मोजायचं? ते फुकट आहे.’ सभेत हशा पिकला. सचिवांनी विषय पुढच्या कमिटी मीटिंगवर ढकलला आहे, तीन कोटेशनं मागवायची या अटीवर. दोन आली आहेत.